लग्न वस्तीत करा, मग खुशाल लांब जा

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला फोन वाजला. आमच्या अभ्यासिकेत वाढलेला पोरगा, आता पुण्यात एका कंपनीत आहे. "ताई, एक विचारू का? हसू नका. हनिमूनला चार दिवसांत, चाळीस हजारांत कुठं जाता येईल?"

मी हसले नाही. उलट बरं वाटलं. आपल्या वस्तीतला पोरगा हा प्रश्न आडपडदा न ठेवता ताईला विचारतो, इथवर यायला दोन पिढ्या लागल्यात. पण मग मी विचारलं, चारच दिवस का? आणि चाळीसच हजार का? तू कमावतोस, ती बँकेत आहे. तेव्हा तो चाचरला आणि खरी गोष्ट बाहेर आली. लग्न गोव्याला आहे. समुद्रकिनाऱ्यावरचं रिसॉर्ट, दोन रात्री, १२० माणसं. डेस्टिनेशन वेडिंग.

दुसऱ्या दिवशी त्यानं इव्हेंटवाल्याचं कोटेशन मला पाठवलं. ६० खोल्या, दोन रात्री, जेवणासह खोलीला रात्रीचे साडेसात हजार, म्हणजे ९ लाख. सजावट, साउंड, फोटो, ड्रोन मिळून साडेतीन. एकूण साडेबारा लाख. त्यात त्याची बचत ४, तिची २, बापाच्या निवृत्तीच्या पैशातले ३ आणि उरलेल्या साडेतीन लाखांचं पर्सनल लोन, १४ टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी. हप्ता महिन्याला १२ हजारांच्या आसपास. बाप महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालाय. नामांतराच्या आंदोलनात लाठ्या खाल्लेला माणूस.

सुट्टी दोघांनाही दहा-दहा दिवस. त्यातले सहा लग्नात जाणार, म्हणून फिरायला चार. ज्यांचं लग्न आहे त्या दोघांच्या वाट्याला साडेबारा लाखांच्या समारंभातून एवढंच उरलं.

हा विषय आपल्याकडं निघाला की दोन ठरलेली भाषणं ऐकू येतात. पहिलं ज्येष्ठ कार्यकर्त्यांचं. ही सगळी भांडवली थेरं आहेत, बाबासाहेबांनी तुम्हाला शिकवलं ते समुद्रावर नाचायला नाही, हनिमून-बिनिमून सोडा आणि तो पैसा चळवळीला द्या. दुसरं तरुणांचं. पैसा आमच्या घामाचा आहे, सवर्णांनी उदयपूरला लग्न केलं की कौतुक आणि आम्ही केलं की तुम्हाला चळवळ आठवते का? दोन्ही भाषणांत थोडं खरं आहे. पण दोन्ही भाषणं लग्न आणि हनिमून एकाच पिशवीत कोंबतात. माझं म्हणणं वेगळं आहे. लग्न समाजासमोर करायची गोष्ट आहे, ती समाजापासून उचलून सहाशे-सातशे किलोमीटरवर नेऊ नका. हनिमून दोघांची गोष्ट आहे. तिच्यात समाजानं नाक खुपसू नये आणि तिच्यावर खर्च करायला आंबेडकरी तरुणानं अजिबात लाजू नये. डेस्टिनेशन वेडिंगमध्ये नेमकं उलटं होतं. समाज बाहेर राहतो आणि दोघांची खोली कॅमेऱ्यासाठी उघडी होते.

आधी यादीचं बोलू. वस्तीतल्या लग्नाला यादी नसते. विहाराच्या फळ्यावर खडूनं लिहिलं की निमंत्रण झालं. रिसॉर्टला यादी लागते, कारण तिथं माणूस म्हणजे अर्धी खोली. या पोराच्या १२० जणांत कोण बसलं? ऑफिसचे मित्र, त्याचे साहेब, तिच्या बँकेतली मंडळी, दोन्हीकडचे पगारदार नातेवाईक. कोण गळालं? शेजारची मावशी, जिनं याच्या बारावीच्या फीसाठी बचत गटातून उचल घेतली होती. चुलता, जो अजून बिगारी काम करतो. आणि आजी. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यातल्या गावागावांत आपली घरं जाळली गेली, तेव्हा ही बाई दोन लेकरं काखेत घेऊन औरंगाबादला आली. तिचे गुडघे गेलेत, रात्रभर गाडीत बसवत नाही. "आजीला व्हिडिओ कॉल लावू," असं ठरलं होतं.

हे मी डोळ्यांत पाणी आणण्यासाठी सांगत नाही. माझा मुद्दा रोकडा आहे. मी दहा वर्षं वस्त्यांमध्ये बायकांच्या प्रकरणांत काम करते. नवऱ्यानं मारलं, सासूनं घराबाहेर काढलं, दागिने ठेवून घेतले, अशी प्रकरणं आठवड्याला येतात. पहिली बैठक पोलीस ठाण्यात होत नाही. ती होते विहारात, समाजमंदिरात, नाहीतर कुणाच्या तरी ओट्यावर. तिथं कोण येतं? लग्नात जेवलेली माणसं येतात. "आम्ही होतो लग्नाला. मुलीच्या बापानं काय दिलं, पोरानं काय कबूल केलं, आम्हाला माहीत आहे," असं म्हणणारी मावशी आली की पुढच्याचा आवाज खाली येतो. लग्नाला आलेली माणसं साक्षीदार असतात. गोव्याचा इव्हेंट मॅनेजर तीन वर्षांनी साक्षीला येणार नाही आणि ड्रोनच्या व्हिडिओत कुणी काय वचन दिलं ते ऐकूही येत नाही, वर गाणं टाकलेलं असतं.

जोतीरावांना हे कळत होतं. २५ डिसेंबर १८७३ ला सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लागलं. भट नाही, हुंडा नाही, खर्च नाममात्र. पण माणसं होती. त्या पद्धतीत वधू वराकडं स्त्रियांच्या हक्कांचं वचन मागते आणि वर ते सगळ्यांसमोर देतो. चार माणसांसमोर दिलेलं वचन मोडताना चार माणसांची लाज वाटते, एवढा साधा हिशोब आहे तो. बाबासाहेब आणि माईसाहेबांचं लग्न १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत राहत्या घरी झालं, नोंदणी पद्धतीनं, मोजक्या लोकांत. म्हणजे गर्दी जमलीच पाहिजे असंही नाही. पण जी माणसं तुमच्या आयुष्याला जबाबदार आहेत त्यांना खोलीच्या भाड्यापायी वगळू नका.

आता दुसरी गंमत. आपल्या मंगल परिणयाला वेळ किती लागतो? त्रिशरण, पंचशील, हार, प्रतिज्ञा, आशीर्वादाच्या गाथा. भंतेजींनी थोडं प्रवचन केलं तरी पाऊण तास. मग दोन दिवसांचं रिसॉर्ट भरायचं कशानं? पोरानं पाठवलेल्या कोटेशनमध्ये ते लिहिलेलं होतं. पहिल्या दिवशी दुपारी मेहंदी, संध्याकाळी संगीत, दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळ्या थीममध्ये हळद, मग 'बुद्धिस्ट सेरेमनी, ४५ मिनिटं', मग कॉकटेल डिनर. सकाळी पाचवं शील घ्यायचं आणि संध्याकाळी बारसमोर रांग लावायची. भंतेजींना परतीचं तिकीट दुपारचंच काढलं होतं म्हणे. बरं झालं.

बाबासाहेब ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचत होते. जात सगळीकडं कशी पसरली? त्यांचं उत्तर होतं, अनुकरणानं. गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा आधार घेऊन त्यांनी दाखवलं की अनुकरण वरून खाली वाहतं आणि जो जवळ असतो तो जास्त नक्कल करतो. समाजशास्त्र शिकताना हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, अर्थ आत्ता लागतोय. सिनेमातल्या नट्या राजवाड्यात लग्न करतात, राजेरजवाड्यांची नक्कल म्हणून. त्यांची नक्कल व्यापारी करतात, त्यांची नक्कल आयटीतले सवर्ण करतात आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा आपला पोरगा त्यांची. ज्या राजवाड्याचा सेट उभा करायला आपण पैसे देतो, त्याच सरंजामी मुलखात आजही दलित नवरदेव घोड्यावर बसला की दगड येतात. २०१८ साली उत्तर प्रदेशातल्या कासगंजमध्ये एका दलित तरुणाला आपली वरात गावातून नेता यावी म्हणून अलाहाबाद उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि शेवटी वरात निघाली ती पोलीस बंदोबस्तात. तो गावातून वरात नेण्यासाठी लढला. आपण आपली वस्ती सोडून पळतोय.

(नोव्हेंबर २०२३ मध्ये पंतप्रधानांनीही 'मन की बात'मधून सांगितलं होतं, लग्नं परदेशात करू नका, देशातच करा. त्यांना काळजी देशाबाहेर जाणाऱ्या पैशाची. मला काळजी वस्तीबाहेर जाणाऱ्या लग्नाची. दोन्ही एकत्र करू नका.)

पोरानं यावर एक रास्त प्रश्न केला. "ताई, वस्तीत लग्न केलं तर हजार लोक येतात. डीजे, मानपान, आहेर, पिऊन धिंगाणा. त्यापेक्षा १२० परवडले." खरं आहे. वस्तीतलं लग्न म्हणजे काही धुतलेला तांदूळ नाही. आपल्यातही हुंडा घेतात, फक्त त्याला 'मुलीसाठी दिलेलं' म्हणतात. डीजेनं विहाराच्या काचा हलतात. पण हे आपण बदलू शकतो, कारण तिथं आपलं कुणीतरी ऐकतं. डीजे नको म्हणून मंडळाच्या पोरांशी भांडता येतं. वरण-भात, वांग्याची भाजी, चपाती आणि बुंदी, दीडशे रुपये ताट धरलं तर ६०० माणसं ९० हजारांत जेवतात. दहा लाखांच्या वर उरतात. कर्ज तर लागतच नाही आणि बापाचे ३ लाख बापाकडं राहतात.

आणि इथून मी ज्येष्ठांशी भांडायला येते.

उरलेल्या पैशातून दोघांनी भरपूर लांब जावं. आठ दिवस जावं. एकटं जावं. चळवळीला देणगी द्यायची ती पगारातून दरमहा द्यावी, हनिमूनच्या पैशातून कापून नव्हे.

का, ते सांगते. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिथं आणि तसल्याच झोपड्यांत, पत्र्याच्या घरांत आपल्या तीन पिढ्या संसार करत आल्या. आई-बाप, भाऊ-भावजय, नणंद, मधे साडीचा पडदा. स्वतः बाबासाहेब आणि रमाई कितीतरी वर्षं परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत राहिले, भरल्या घरात. आपल्याकडं लग्न झालेल्या दोन माणसांना एकमेकांशी मोठ्यानं बोलायलाही जागा नव्हती. माझं लग्न झालं तेव्हा सासरी दीड खोली होती. पहिले अकरा महिने आम्ही नवरा-बायको भांडलोसुद्धा कुजबुजत. मग दोन दिवस महाबळेश्वरला गेलो. लॉजवाल्यानं रजिस्टर पुढं करत आडनाव विचारलं, मग "म्हणजे नेमके कुठले?", मग नवऱ्याच्या मोबाइलमागचा निळा स्टिकर बघितला आणि खोली शिल्लक नाही म्हणाला. बोर्डावर किल्ल्या लटकत होत्या. दुसरीकडं मिळाली खोली. पण त्या रात्री आम्ही फिरायचं सोडून त्या किल्ल्यांवरच बोलत बसलो.

म्हणून मला कुणी म्हणालं की हॉटेलात राहणं, फिरणं हे आंबेडकरी माणसाचं काम नाही, तर मी संविधानाचं पान उघडते. अनुच्छेद १५(२). दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा यांत जातीवरून कुणालाही अडवता येणार नाही. हॉटेल हा शब्द तिथं आहे. तो उगाच आलेला नाही. १९३४ साली बाबासाहेब कार्यकर्त्यांना घेऊन सहलीला निघाले होते, वेरूळची लेणी बघायला. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर त्यांच्या माणसांनी हौदाच्या पाण्यानं तोंड-हात धुतले आणि पाणी बाटवलं म्हणून जमाव धावून आला. शेवटी किल्ला बघू दिला तो हत्यारबंद शिपाई सोबत देऊन, ही मंडळी कुठं पाण्याला शिवत तर नाहीत ना हे बघायला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे लिहून ठेवलंय. म्हणजे बाबासाहेब स्थळं बघायला हौसेनं जात होते. औरंगाबादहून त्याच रस्त्यानं आज आपण गाडीनं जातो आणि हवं तिथं थांबून पाणी पितो. या हक्काचा उपभोग घेणं म्हणजे चळवळीशी गद्दारी नव्हे.

दुसरं कारण बायकांचं आहे आणि ते सभेत कुणी बोलत नाही. नवरा-बायकोच्या खोलीत समाज शिरला की काय होतं ते कंजारभाट समाजातल्या तरुणांनी सगळ्या महाराष्ट्राला दाखवून दिलं. जातपंचायत नवविवाहितांना लॉजवर पाठवते, पांढरी चादर देते आणि सकाळी निकाल विचारते. २०१७-१८ मध्ये त्याच समाजातल्या शिकलेल्या पोरापोरींनी याविरुद्ध 'स्टॉप द व्ही रिच्युअल' मोहीम उघडली, पिंपरीत त्यांतल्या काहींनी मार खाल्ला, पण मागं हटले नाहीत. माझा त्यांना सलाम. आपण मात्र लगेच 'आपल्यात असलं नाही' म्हणून हात झटकू नये. चादर नसेल. पण सकाळी आत्या-मावशीचं हसणं, वर्षाच्या आत 'गोड बातमी कधी' हा तगादा, आणि त्यात पोरीचं मन काय म्हणतं हे कुणीच न विचारणं, हे आपल्या घराघरात आहे. मूल कधी हवं, हवं का, साधन कोण वापरणार, हे बोलणं पोरीला सासरच्या पडद्याआड जमत नाही. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेबांना हजर राहता आलं नाही, त्यांचं भाषण त्यांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मांडलं. ठराव फेटाळला गेला. ८५ वर्षं उलटून गेली, पण ते बोलणं आपल्या कित्येक घरांत अजून झालेलं नाही. दोन माणसांना आठ दिवस निवांत मिळाले तर निदान सुरुवात तरी होईल.

आणि याच ठिकाणी डेस्टिनेशन वेडिंग हनिमूनचा घास घेतं. पाहुणे परत गेले की 'त्याच रिसॉर्टला दोन रात्री वाढवून घ्या, डिस्काउंट देतो' असं इव्हेंटवाला म्हणतो. म्हणजे ज्या गादीवर कालपर्यंत मेव्हणे झोपले तिथंच. दोघं थकलेले, हिशोबाचे फोन चालू, फोटोग्राफर 'एक सनसेट कपल शूट बाकी आहे' म्हणून दारात. खोलीतल्या गुलाबाच्या पाकळ्यांची रील सासू-सासऱ्यांच्या मोबाइलवर पोचते. चाळीतला पडदा परवडला.

मी त्या पोराला म्हणाले, तुझं सगळं ऐकलं, आता तिला फोन दे. मुलीला विचारलं, गोवा तुझी आवड का? म्हणाली, "नाही ताई. याच्या ऑफिसात दोघांनी तसं केलं, म्हणून. मला बर्फ बघायचाय. आणि दोन दिवस सकाळी कुणी उठवायला नको." एवढीच मागणी. साडेबारा लाखांच्या कोटेशनमध्ये ती कुठंच नव्हती.

मग आम्ही तिघांनी कागद घेऊन बसून ठरवलं. आधी दोघांची सुट्टी मांडायची, नंतर लग्नाची तारीख. लग्न रविवारी विहारात, म्हणजे सुट्टीतला एकच दिवस जातो. पाहुण्यांसाठी दुसऱ्या दिवशी घरी थांबायचं, तिसऱ्या दिवशी निघायचं. सात-आठ दिवस हातात. पैसे दोघांच्या नावच्या एका खात्यात, निम्मे-निम्मे, म्हणजे 'माझ्या पैशानं फिरवून आणलं' हे वाक्य पुढं आयुष्यभर ऐकावं लागत नाही. लग्नानंतर नाव बदलायची घाई नको, बदलायचंच का हाही प्रश्न आहेच. पण तिकीट एका नावाचं आणि ओळखपत्र दुसऱ्या नावाचं झालं तर विमानतळावर अडकाल. आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय जोडी विशेष विवाह कायद्यानं नोंदणी करणार असेल, तर दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा आणि वर नोटिशीचे ३० दिवस, हे तारखेआधी बघा. समुद्र आवडला म्हणून नोंदणी होत नाही.

कुठं जायचं यावर आमच्याकडं घरगुती परिषद भरली. पोराच्या काकांचं म्हणणं, बोधगया. मी विरोध केला. दोघांना मनापासून जायचं असेल तर जरूर जावं, लुंबिनीलाही जावं. पण लग्नानंतरच्या पहिल्या चार रात्रींवर धम्मकार्याचं ओझं टाकू नका. यात्रेच्या बसमध्ये हनिमून होत नाही, पुढच्या सीटवर काकाच असतात. श्रीलंकेचं नाव निघालं, बाबासाहेब १९५० साली माईसाहेबांसह तिकडं बौद्ध परिषदेला गेले होते म्हणून. अनुराधापूरचा बोधिवृक्ष, पोलोन्नरुवाची शिळेत कोरलेली बुद्धमूर्ती आणि जवळच समुद्र, दोघांचंही भागेल. पण तिथं बर्फ नाही. शेवटी सिक्कीम. गंगटोकच्या वर त्सोमगो तलावाकडं जायचं तर परमिट लागतं, ते तिथल्या नोंदणीकृत ट्रॅव्हलवाल्याकडून काढावं लागतं, ओळखपत्राच्या झेरॉक्स आणि पासपोर्ट साइज फोटो सोबत हवेत. पॅकेज घेऊ नका म्हणाले. पॅकेजवाला रोज सकाळी सहाला उठवतो.

गोव्याच्या रिसॉर्टला दिलेले ५० हजार ॲडव्हान्स बुडाले. पोरगा दोन दिवस हळहळला. बाप काही बोलला नाही, पण परवा विहारात भेटला तेव्हा ताटांचा हिशोब खिशातून काढून दाखवत होता, ६०० चे ६५० झालेत. आजीनं नवीन पांढरं लुगडं मागवलंय. ऑफिसचे मित्र येणार आहेत, त्यातल्या एकानं 'वस्तीत पार्किंग आहे का' विचारलं, तर नाही म्हणून सांगितलं.

काल रात्री मुलीचा मेसेज आला, ताई, थंडीचे कपडे विकत घ्यायचे का? नको म्हणून कळवलं. स्वेटर आणि थर्मल इथून न्या, बर्फातले बूट आणि जाड जॅकेट त्सोमगोच्या वाटेवरच्या टपऱ्यांवर भाड्यानं मिळतात. मोजे मात्र दोन जोड जास्त ठेवा.